मैनेला अंग नव्हतं

हर्षदा मगदूमचं वय पंचेचाळीस होतं आणि आवाज चौदा वर्षांचा. म्हणजे हवा तेव्हा. भाजीवाल्याशी, बँकेत, भावाशी फोनवर ती चांगल्या भरदार आवाजात बोलायची. पण माईकसमोर उभी राहिली की गळ्यात काहीतरी सरकायचं आणि आठवीतली मुलगी बोलायला लागायची. कार्टूनमधल्या पोरी, परदेशी मालिकांमधल्या हट्टी भाच्या, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतली शहाणी लेक, सगळ्या तिच्याच. पंचवीस वर्षं पुण्यात तिचं पोट यावरच चालत होतं. मग डबिंगचं काम यंत्रांनी गिळलं आणि २०४४ साल उजाडेपर्यंत तिच्याकडे महिन्याला दोन-तीन दिवसांचं काम उरलं.

अशात एके दिवशी डॉ. फरझाना मुजावर तिच्या घरी आल्या. मूळच्या मिरजेच्या, भाषा आणि संगणक दोन्ही शिकलेल्या, चहा पटकन संपवणाऱ्या बाई. मुलींच्या सुरक्षेसाठी उभ्या राहिलेल्या एका नव्या कक्षाच्या त्या प्रमुख होत्या.

"मला तुमचा आवाज हवाय," त्या म्हणाल्या. "पण तो कुठल्या मालिकेत लागणार नाही. तो फक्त घाणेरड्या माणसांना ऐकू जाईल."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. गेल्या वीस वर्षांतल्या हजारो खटल्यांच्या कागदपत्रांत मोठ्या पुरुषांनी अल्पवयीन मुलींशी केलेली संभाषणं होती. ती सगळी एका यंत्राला वाचायला दिली, तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. प्रत्येक पुरुषाला वाटत होतं की आपण काहीतरी वेगळं, खास बोलतोय. प्रत्यक्षात सगळे एकच जिना चढत होते. पहिली पायरी चौकशीची. दुसरी कौतुकाची. तिसऱ्या पायरीवर मुलीला हळूच घरच्यांपासून सोडवायचं: त्यांना तू कळत नाहीस, मला कळतेस. चौथीवर गुपित: हे आपल्या दोघांतच. पाचव्या पायरीवर मागणी, आणि कायद्याच्या लेखी गुन्हा तिथे सुरू होत होता. त्याच्या वरच्या पायऱ्यांबद्दल फरझानांनी सांगितलं नाही आणि हर्षदाने विचारलं नाही.

या जिन्याच्या ज्ञानावर त्यांनी एक नसलेली मुलगी बनवली होती. तिचं नाव मैना. पक्षी धरणारे लोक पिंजऱ्यात एक शिकवलेली मैना ठेवतात, तिचा आवाज ऐकून बाकीचे येतात, त्यावरून. मुलं जिथे जिथे गप्पा मारतात, खेळतात, कविता म्हणून दाखवतात, अशा शेकडो ठिकाणी मैना एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी हजर राहणार होती. नियम कडक होते. ती आपणहून कुणाशी बोलणार नाही. तिसऱ्या वाक्याच्या आत आपण आठवीत आहोत हे सांगणार. कुणाला पुढे यायला सुचवणार नाही. फक्त उत्तर देणार आणि गप्प राहणार. माणूस स्वतःच्या पायाने पाचव्या पायरीवर आला, की त्याचं बंद असलेलं नाव-गाव उघडणार आणि कागद पोलिसांकडे जाणार. त्याआधी नाव उघडायला कायद्याने मनाई होती.

"सगळं आहे," फरझाना म्हणाल्या, "फक्त यंत्राने घडवलेला आवाज या लोकांना आता ओळखू येतो. खऱ्या गळ्याचा पाहिजे. मुलीचा घेता येत नाही, घेणारही नाही. तुम्ही मोठ्या आहात."

करारासोबत शपथेवर भरायची एक प्रश्नपत्रिका होती. त्यात सातवा प्रश्न होता: तुमच्या लहानपणी तुमच्या बाबतीत असा प्रकार घडला आहे का? हर्षदाने 'नाही'वर खूण केली. पेन जराही अडखळलं नाही. एकतीस वर्षं ती स्वतःलाही हेच उत्तर देत आली होती.

मैनेला आवाज देऊन झाल्यावर हर्षदाकडे तिच्या संभाषणांचे तुकडे तपासायला यायचे. आवाज नैसर्गिक वाटतो का, मुलगी कुठे बाईसारखी बोलते का, एवढंच बघायचं. तिला वाटलं होतं शिवराळ, हिडीस काहीतरी ऐकावं लागेल. तशी तिने मनाची तयारीही केली होती. पण पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की या माणसांचं सगळ्यात आवडतं पहिलं वाक्य आहे, 'जेवलीस का?'

जेवलीस का. शेकडो जणांनी विचारलेलं. कुणी दुकानदार, कुणी निवृत्त अधिकारी, कुणी कीर्तनाला जाणारा. अभ्यास कर हं. थंडी आहे, स्वेटर घाल. आई रागावली का? मग चार दिवसांनी: आईला नको सांगू, ती उगाच काळजी करेल. जे शब्द हर्षदाच्या वडिलांनी तिला आयुष्यभर ऐकवले होते, तेच शब्द ही माणसं हातमोजे घालावेत तसे घालून येत होती. तिला शिव्यांपेक्षा या मायेची शिसारी आली. दुसऱ्या महिन्यात भावाने फोनवर सहज विचारलं, "जेवलीस का गं?" आणि ती त्याच्यावर खेकसली. नंतर तिने माफी मागितली, पण कारण सांगता आलं नाही.

आणखी एक झालं. संभाषणांत एका बाजूला तो पुरुष असायचा आणि दुसऱ्या बाजूला तिचाच गळा. 'हो काका.' 'नाही सांगणार.' आपणच बोलतोय असं वाटून ती हेडफोन काढायची, तोंड धुवायची, पुन्हा बसायची. साबणाने ओठ सोलवटले.

पण काम होत होतं. वर्षभरात चारशे बारा खटले उभे राहिले. फरझानांनी कक्षात पेढे आणले नाहीत, कुणीच आणले नाहीत. तो आकडा तोंडात गोड घालण्यासारखा नव्हता.

मार्च महिन्यात हर्षदाच्या पडद्यावर एक तुकडा आला. मुलं गोष्टी आणि कविता म्हणून एकमेकांना ऐकवतात अशा एका ॲपवरचा. इथे मैना इस्लामपूरची मुलगी होऊन वावरत होती. समोरच्याचं नाव होतं 'जुना श्रोता'. तो लिहून बोलायचा. जुन्या वळणाचं शुद्ध मराठी, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम.

त्याने लिहिलं होतं: 'तुझा आवाज तुझ्या वयाच्या पुढे चालतो. घरच्यांना तो ऐकू येत नाही, कारण त्यांना फक्त तू ऐकू येतेस.'

हर्षदाने वाचलं. मग पुढचं वाचायच्या आधी डोळे मिटले आणि पुढचं वाक्य मनात म्हटलं: माझ्यासाठी एक मनाची वही लिही. डोळे उघडले. खाली लिहिलं होतं: 'माझ्यासाठी एक मनाची वही सांग. रोज, आवाजात. पाठव आणि पुसून टाक.'

२०१३ साली हे वाक्य लाल शाईत होतं. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर, झोकदार अक्षरात. सांगलीत मिलिंद कारखानीस सरांच्या बालनाट्याच्या वर्गात हर्षदा चौदा वर्षांची होती, आणि राज्य स्पर्धेत पहिली आलेली होती, आणि सगळ्या गावाला ज्यांचा अभिमान होता त्या सरांनी पंचवीस मुलींमधून ती वही फक्त तिला दिली होती. दर शनिवारी तालमीनंतर ती सरांना द्यायची. त्यात तिने आईबद्दल लिहिलं, मैत्रिणींबद्दल लिहिलं, कुणालाच सांगू नये ते लिहिलं. सरांना तिच्या आतली सगळी वाट माहीत झाली. मग गळ्याचा व्यायाम म्हणून ते तिच्या मानेवर बोटं ठेवू लागले. मग वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेऊ लागले. त्यानंतरचं तिने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यातलं सगळ्यात घाणेरडं तिला हे वाटायचं, की त्या वर्षी ती खूश होती. आपण निवडले गेलो म्हणून.

ती उठून बेसिनपाशी गेली. साबणाने तोंड धुतलं, दोनदा.

"हा मला माहीत आहे," तिने फरझानांच्या खोलीत जाऊन सांगितलं. बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सातव्या प्रश्नाचं खोटं उत्तरसुद्धा.

फरझानांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग संगणकावर नोंद काढली. "जुना श्रोता. चौथी पायरी. धोका शंभरात बासष्ट. 'इकडे सांगलीत तालमीला ये, प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय गळा कळत नाही' असं दोनदा लिहिलं. मैना येऊ शकली नाही. पंधरा दिवसांनी त्याने बोलणं थांबवलं. नोंद बंद."

"बंद?"

"त्याने बेकायदा काहीच म्हटलेलं नाही, हर्षदाताई. तालमीला ये म्हणणं गुन्हा नाही. मागणी तो लिहून करतच नाही. तो समोर बोलावतो." त्या थांबल्या. "आणि मैनेला अंग नाही. ती जाऊ शकत नाही. या यंत्रात आम्हाला उतावळे सापडतात. धीराचे सापडत नाहीत."

"मग मी जाते. तक्रार देते. माझी."

"थांबा." फरझाना उठून दाराशी गेल्या, दार लावून आल्या. "तुम्ही खूण केलेला तो कागद प्रत्येक खटल्यात जोडलेला आहे. तुमची तक्रार बाहेर आली, की चारशे बारा वकील एकच गोष्ट म्हणतील: सापळ्यातला आवाज ज्या बाईचा, तिचा पुरुषांवर जुना राग होता, आणि तिने तो शपथेवर लपवला. काही न्यायाधीश ऐकतील. माणसं सुटतील. कोणती माणसं ते तुम्ही ऐकलंय."

हर्षदा आता समोरच्या खुर्चीवर बसली.

"एक वर्ष थांबा," फरझाना म्हणाल्या. "निकाल लागू देत. तो आता अडुसष्ट वर्षांचा असेल. कुठे पळतोय?"

"तो पंधरा दिवसांत मैनेचा नाद सोडून गेला," हर्षदा सावकाश म्हणाली. "माझ्या वेळी त्याने सहा महिने वाट पाहिली होती. इतक्या लवकर सोडलं, म्हणजे त्याच्याकडे दुसरी आहे. तिला अंग आहे."

खालच्या आवाजात फरझाना एवढंच म्हणाल्या, "हे बोलणं मी ऐकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदा सांगलीला आईच्या दारात उभी होती. आई भावाकडे राहत होती. भाऊ-वहिनी कामावर गेले होते. आई मेथी निवडत बसली होती.

"कळवायचं तरी की गं. भाकरी टाकू का?"

"आई, माझी ती वही कुठे आहे? लाल शाईची. कारखानीस सरांची."

मेथीची काडी आईच्या बोटांत तशीच राहिली. "जाळली."

"का?"

"वाचली म्हणून."

"कधी?"

"तू दहावीला गेलीस त्या सुट्टीत. अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात घातली. आणि दहावीचं निमित्त सांगून तुझा क्लास सोडवला. एवढं केलं की मी."

"एवढं केलंस. आणि त्याला पुरस्कार मिळाला तेव्हा त्याच्या सत्काराला गेलीस. मी फोटो पाहिलाय. पहिल्या रांगेत होतीस."

"सगळी गल्ली गेली होती. मी एकटी नसते गेले, तर लोकांनी विचारलं असतं." आईने मान वर केली नाही. "तुझं लग्नाचं बघायचं होतं तेव्हा. तुझं नाव खराब झालं असतं गावात."

"माझं लग्न झालंच नाही, आई. आणि त्याचा वर्ग अजून चालू आहे."

आई मेथी निवडत राहिली. चांगली पानं आणि काड्या एकाच ढिगात पडत होत्या. हर्षदाला आईची किळस आली, आणि आईची किळस यावी याची त्याहून जास्त. पाणीही न पिता ती बाहेर पडली.

कारखानीसांचा वर्ग आता एका शाळेच्या सभागृहात भरत होता. पांढरा झब्बा, रंगवलेले केस, तोंडात लवंग. गळ्यासाठी ते नेहमी लवंग चघळायचे. तो वास दारातच तिच्या अंगावर आला आणि ती क्षणभर चौदा वर्षांची झाली.

"अरे! कोण आलंय बघा!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "मुलांनो, ही हर्षदा मगदूम. तुम्ही लहानपणी जी कार्टून बघितलीत ना, त्यातली अर्धी ही. माझ्या हाताखाली तयार झालेली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदा नमस्कार करून मागच्या खुर्चीवर बसली. त्यांना मिठी मारावी लागू नये म्हणून तिने पर्स छातीशी धरली होती.

सोळा-सतरा मुलं होती. कोणती, हे शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. एक उंच, सडपातळ मुलगी सगळ्यांपासून हातभर अंतरावर उभी होती, आणि बाकीच्या मुली तिच्याकडे बघत नव्हत्या. निवडलेल्या मुलीच्या भोवती अशी मोकळी जागा पडते, हे हर्षदाला ठाऊक होतं.

"आर्वी, पुढे ये," कारखानीस म्हणाले. तिने दोन ओळी म्हटल्या. त्यांनी दोन बोटं तिच्या गळ्याच्या खळग्यावर ठेवली. सगळ्यांसमोर, डॉक्टरने ठेवावीत तशी. "इथून. पोटातून नाही, इथून." बाकीच्या मुलांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. दाराशी दोन पालक उभे होते, ते कौतुकाने हसत होते. हर्षदाची नजर त्या दोन बोटांवरून हलली नाही.

वर्ग सुटल्यावर आर्वीला न्यायला तिची आई आली. स्नेहल पाचुंदे, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, अजून पांढरा कोट अंगावर. हर्षदाने ओळख करून दिली आणि घरी यायचं विचारलं. स्नेहलला आनंदच झाला. डबिंगवाल्या मॅडम घरी येणार!

चहा होईपर्यंत स्नेहल सरांबद्दलच बोलत होती. "सर म्हणजे देवमाणूस, ताई. हिचे बाबा गेल्यापासून ही घुमीच झाली होती. सरांनी बोलती केली. स्वतःहून जास्तीचा वेळ देतात हिला. परकी मानतच नाहीत."

आर्वी आतल्या खोलीत कपडे बदलायला गेली होती. हर्षदाने कप खाली ठेवला.

"स्नेहल, मी सांगते ते फक्त ऐका. तिचा आवाज वयाच्या पुढे चालतो, असं ते तिला म्हणाले असतील. तुम्हाला तो ऐकू येत नाही, असंही. हल्ली ती तुमच्याशी कमी बोलते आणि तुम्ही काही विचारलं की 'तुला नाही कळणार' म्हणते. मैत्रिणी तुटल्यात. रोज ती सरांना काहीतरी सांगते आणि ते फोनमध्ये राहत नाही. आता थोड्या दिवसांनी स्पर्धेसाठी बाहेरगावी जायचं निघेल आणि तुम्हाला ड्यूटी असेल."

स्नेहलचा चेहरा बदलत गेला. "एप्रिलमध्ये नाशिकला आहे स्पर्धा," ती म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज चढला. "तुम्ही काय म्हणताय कळतंय का तुम्हाला? अशा माणसाबद्दल? त्यांनी तुम्हाला मोठं केलं आणि आता दुसऱ्या मुलीचं चांगलं होताना बघवत नाही का तुम्हाला?"

"मी चौदा वर्षांची होते," हर्षदा म्हणाली. "माझ्या बाबतीत स्पर्धा पणजीला होती."

एवढंच ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. स्नेहलच्या हातातली बशी खाली आदळली नाही की काही नाही. तिने ती फार हळू टेबलावर ठेवली.

आतल्या दारात आर्वी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ते पुसून टाकायचं असतं," ती बारीक आवाजात म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत? तुम्ही पण पाठवायचात?"

"माझ्या वेळी वही होती."

"सर म्हणाले, हे मी कुणालाच दिलेलं नाही. फक्त तुला."

"मलाही तसंच म्हणाले होते. लाल शाईत लिहून दिलं होतं."

हर्षदाला वाटलं होतं मुलगी रडेल, आईला बिलगेल. तसं काही झालं नाही. आर्वीच्या चेहऱ्यावर आधी मत्सर आला, मग तो फुटला, आणि खाली जे होतं ते बघवत नव्हतं. "खोटं बोलताय तुम्ही," ती ओरडली. "जा ना! कशाला आलात तुम्ही?" आणि तिने दार लावून घेतलं.

स्नेहल उठली, बंद दारापाशी जाऊन जमिनीवर बसली आणि दाराला पाठ टेकवून म्हणाली, "आर्वी, मी इथेच बसलेय. तू उघड नाहीतर उघडू नकोस. मी इथून हलणार नाही." मग हर्षदाकडे वळून: "तक्रार कुठे द्यायची?"

आर्वीने संध्याकाळी दार उघडलं आणि फोन आईच्या हातात ठेवला. पुसलेले एकशे त्रेचाळीस निरोप पोलिसांच्या प्रयोगशाळेने परत काढले. ते ज्या खात्यावर गेले होते त्याचं नाव होतं 'जुना श्रोता'. खऱ्या मुलीची तक्रार आल्यावर मैनेची बंद नोंद उघडली आणि दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवले, तर ते ओळीला ओळ जुळले. हर्षदाने स्वतःची तक्रार वेगळी दिली, अकरा पानं. पाठोपाठ आणखी तीन बायका आल्या. त्यातली एक आजी झालेली होती.

आणि मग फरझाना म्हणाल्या होत्या तसंच झालं. सातवा प्रश्न वर्तमानपत्रांत छापून आला. मैनेचा आवाज न्यायालयाने थांबवला. चारशे बारापैकी एकतीस जण सुटले. एकाने सुटल्याच्या दिवशी आपल्या सोसायटीत पेढे वाटले; त्याचं मैनेशी झालेलं बोलणं हर्षदाने सहाव्या पायरीपर्यंत चुकून ऐकलं होतं. फरझानांनी तिला यादी पाठवली, नुसती एकतीस नावं, सोबत एक शब्दही नाही. हर्षदाने ती शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक नावापुढे कुठेतरी एखादी मुलगी उभी असणार, हे तिला दिसत होतं, आणि यातून आपली सुटका नाही हेही.

सांगलीत कारखानीसांच्या बाजूने पत्रक निघालं. दीडशे सह्या, बहुतेक पालकांच्या. 'या वयात या थोर माणसाची विटंबना थांबवा.' हर्षदाच्या आईच्या दारात दोघं सही मागायला गेले, तेव्हा आईने पत्रक वाचायला म्हणून हातात घेतलं, आत गेली, आणि ते फाडून बाहेर आली. हे भावाने सांगितलं. पुढे साक्षीच्या दिवशी आई काठी टेकत न्यायालयात आली. वही वाचली होती, जाळली होती, गप्प बसले होते, असं तिने सरकारी वकिलाला सांगितलं. बचावाच्या वकिलाने विचारलं, "एवढं माहीत होतं तर तक्रार का केली नाहीत?"

"स्पर्धेत पहिली आली म्हणून पेपरात तिचा फोटो आला होता," आई म्हणाली. "तो मला पोरीपेक्षा मोठा वाटला." आणि तिने स्वतःच्या पदराने तोंड असं पुसलं, जसं काही सांडलं होतं.

कारखानीसांना चौदा महिन्यांनी शिक्षा झाली. निकाल ऐकताना ते शांत होते. बाहेर नेताना हर्षदाच्या बाजूने गेले तेव्हा थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "तुला मी घडवलं." लवंगेचा वास आला. हर्षदाने या वेळी तोंड फिरवलं नाही. समोर एक म्हातारा, रंग उतरलेल्या केसांचा, तेच जुनं वाक्य घेऊन उभा होता आणि त्याच्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

हर्षदाने लहान मुलींचे आवाज काढणं सोडलं. एका अंध शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून द्यायची, स्वतःच्या आवाजात. कक्षाने दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊन मैना पुन्हा सुरू केली, असं तिच्या कानावर आलं. या वेळी प्रश्नपत्रिकेत सातवा प्रश्न नव्हता, आणि चौथ्या पायरीवर माणूस थांबला तर नोंद बंद न करता ती जवळच्या महिला अधिकाऱ्याकडे जाईल, अशी तरतूद केली होती. ती तरतूद फरझानांनी भांडून मिळवली होती. त्यांनी हर्षदाला फोन मात्र केला नाही.

निकालानंतरच्या जूनमध्ये स्नेहलचा फोन आला. आम्ही पुण्यात आलोय, येऊ का? हर्षदा हो म्हणाली.

आर्वी आता अकरावीत गेली होती. खांदे पाडून आईच्या मागे आत आली, सोफ्याच्या कडेला बसली. तिने सव्वा वर्षात कविता म्हटली नव्हती, नाटकाचं नाव काढलं नव्हतं, वर्गात उत्तरसुद्धा देत नव्हती. स्नेहल हे सगळं फोनवर सांगून मोकळी झाली होती. सरबत संपलं.

"मला एक विचारायचंय," आर्वी एकदम म्हणाली. तिची नजर फरशीवर होती. "मी चांगली बोलायचे का? का तेही त्यांनी उगाच... म्हणजे त्यांना मी हवी होते म्हणून म्हणायचे का ते?"

स्नेहल घाईने म्हणाली, "अगं, तू छानच—"

"आई, तू नको."

हर्षदाला हा प्रश्न ओळखीचा होता. राज्य स्पर्धेतल्या त्या पहिल्या नंबराची ढाल तिने बावीस वर्षांची असताना कचऱ्यात टाकली होती, कारण तो नंबर आपला की त्याचा, हे तिला कधीच ठरवता आलं नव्हतं. छान होतीस, असं म्हणणं सोपं होतं. कौतुकाचं एक वाक्य, बस. पण तेच वाक्य या मुलीला नासवून दिलं होतं.

"मला माहीत नाही," हर्षदा म्हणाली. "त्या दिवशी मी तुझं बोलणं ऐकलंच नाही. मी त्याचा हात बघत होते."

आर्वीने मान वर केली.

"म्हणून दाखव. कुठलीही. मग सांगते."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिप-पिप थांबेपर्यंत तिघी बसून राहिल्या. मग आर्वी उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. तिने ते ओढणीत गुंडाळले आणि शाळेच्या पुस्तकातली एक साधी कविता म्हणायला लागली. आवाज बसलेला, पहिली दोन कडवी कोरडी. तिसऱ्यात कुठेतरी तो सुटला. चौथं कडवं संपलं तेव्हा स्नेहलने दोन्ही हात तोंडावर धरले होते.



"दुसऱ्या कडव्यात तू ओळीच्या मध्येच श्वास घेतेस," हर्षदा म्हणाली. "त्याने अर्थ तुटतो. आणि शेवट घाईने उरकलास."

आर्वीच्या कपाळाला आठी पडली. "कुठे? 'उन्हात' नंतर?"

"त्याच्या आधी."

आर्वीने ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली, ओठ हलले. मग खुर्ची बाजूला सरकवून तिने स्वतःसाठी जागा केली. "थांबा," ती जरा चिडूनच म्हणाली, "पुन्हा म्हणते."